मायनस नंबर आणि एनडीएचं फ्लाइंग

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. एनडीएतून हवाई दलात वैमानिक व्हायचं, हे त्याने सातवीतच ठरवलंय. गेल्या महिन्यात चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर दोन्ही डोळ्यांना मायनस 0.75 नंबर निघाला. तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नाही. ओळखीतले एक जण म्हणतात, लेसर करून टाका, मेडिकलला काही कळत नाही. हे खरं आहे का? धाकटी तिसरीत आहे, तिचेही डोळे तपासून घ्यावेत का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, लेसर करू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी.

मशीनचा तो कागद तूर्त बाजूला ठेवा. त्या मशीनमध्ये डोकावताना या वयाच्या मुलांचे डोळे जवळचं बघितल्यासारखे ताणले जातात आणि नसलेला मायनस नंबर दिसतो, किंवा असलेला वाढून दिसतो. त्यात बारावीचं वर्ष, म्हणजे दिवसभर पुस्तक नाहीतर मोबाइल. नेत्रतज्ज्ञांकडून थेंब घालून तपासणी करून घ्या. थेंबांनी बाहुली मोठी होते आणि ताण धरणारा डोळ्यातला स्नायू काही वेळ सैल पडतो. मग अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपने डोळ्यावर प्रकाशाची पट्टी फिरवतात. मायनस नंबर असेल तर बाहुलीतली लालसर चमक पट्टीच्या उलट दिशेला सरकते. समोर एकेक भिंग बदलत गेलं की एका भिंगाला चमक सरकायची थांबते आणि अख्खी बाहुली एकदम उजळते. त्यावरून नंबर ठरतो. मुलाला ‘काय दिसतंय’ असं एकदाही विचारावं लागत नाही. तक्त्याची शेवटची ओळ घोकून मेडिकलला जाणाऱ्या मुलांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

साताऱ्यात सैनिक स्कूल आहे, 1961 साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. आसपासच्या गावांत घरटी फौजी. त्यामुळे अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. काहींचा 0.50चा नंबर थेंबांनंतर अक्षरशः नाहीसा होतो. काहींचा तेवढाच राहतो, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगावं लागतं.

कारण फ्लाइंगचा नियम कडक आहे. एका डोळ्याला बिनचष्म्याची 6/6, म्हणजे पूर्ण चांगली, आणि दुसऱ्याला त्याहून थोडी कमी, 6/9 नजर लागते, आणि ती 6/9सुद्धा चष्म्याने 6/6 व्हावी लागते. प्लस नंबर 2.0पर्यंत चालतो. मायनस मात्र चालत नाही, रेटिनोस्कोपवर 0.50पर्यंत दिसला तर तेवढीच सूट. आईबापांना हा अन्याय वाटतो, पण त्यामागे कारण आहे. मायनस नंबरचा डोळा लांबीला वाढलेला असतो आणि या वयात तो आणखी वाढू शकतो. आजचा 0.75 चार-पाच वर्षांत 2 झाला तर? वैमानिकाला दूरचा ठिपका आधी दिसावा लागतो. वळण घेताना शरीराचं वजन कितीतरी पटींनी वाढतं, तेव्हा नाकावर चष्मा सांभाळत बसायला वेळ नसतो.

आता लेसर. मेडिकलला कळत नाही, ही शुद्ध थाप आहे. लेसिक या लेसर शस्त्रक्रियेत कापलेल्या पापुद्र्याची कड स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, वर्षानुवर्षं दिसते आणि बुबुळाचा नकाशा काढला की सपाट झालेला मधला भाग लगेच ओळखू येतो. हवाई दल लेसर सरसकट नाकारतं असंही नाही. पण ते वयाच्या 20 वर्षांनंतर केलेलं हवं, त्याला 12 महिने झालेले हवेत, आणि बुबुळाची जाडी 450 मायक्रॉनपेक्षा कमी उरलेली नको. एनडीएला मुलं साडेसोळा ते साडेएकोणिसाव्या वर्षी जातात, तेव्हा त्या वाटेने लेसरचा उपयोग शून्य. उलट, आता घाईने केलंत तर पुढे एएफकॅटची, म्हणजे पदवीधरांसाठीच्या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेची, वाटही तुमच्याच हाताने बंद होईल. पदवीनंतर 20 ते 24 वयात त्या परीक्षेतून फ्लाइंगला जाता येतं. बारावीचं फिजिक्स आणि गणित चांगल्या मार्कांनी सुटलं पाहिजे, एवढं त्याला बजावा.

थेंबांनंतरही नंबर राहिलाच, तर त्याला एनडीएची परीक्षा सोडायला लावू नका, कळकळीने सांगते. हवाई दलाची ग्राउंड ड्यूटी, म्हणजे विमान न उडवता जमिनीवरचं काम, आणि लष्कर इथे ठरावीक मर्यादेपर्यंत चष्मा चालतो. यूपीएससीच्या जाहिरातीच्या शेवटी वैद्यकीय निकषांचं परिशिष्ट असतं. क्लासवाल्यांचं ऐकण्यापेक्षा ते मुलाबरोबर बसून वाचा. आणि डोळ्यांबरोबर पाठीचा कणा, कान, दात यांचीही आधीच तपासणी करून घ्या. विमानातून आसनासकट बाहेर फेकलं जाताना कण्यावर प्रचंड दाब येतो, त्यामुळे तिथले एक्स-रे फार बारकाईने बघतात.

धाकटीला मात्र या आठवड्यातच आणा. मला खरी आशा तिच्या वयात वाटते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा मैदानावर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. भावाला नंबर असेल तर तिलाही लागण्याची शक्यता जास्त. तिचा संध्याकाळचा क्लास असेल तर उजेड गेल्यावरच्या वेळेला हलवा, आणि तोवर तिला अंगणात, मैदानात, कुठेही उघड्यावर खेळू द्या. नंबर निघालाच, तर तो वाढण्याचा वेग कमी करणारे सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंबही आता मिळतात. ते सुरू करायचे की नाही, हे तिच्या तपासणीनंतर ठरवू.