सॅन दिएगोच्या अधिवेशनाला निघण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चच्या वार्षिक अधिवेशनासाठी तुझे पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा तक्ता, स्वीकारले गेले आणि तुमची सगळी लॅबच एप्रिल २०२६ मध्ये सॅन दिएगोला निघाली आहे, हे कळल्यापासून तुला सविस्तर लिहायचे मनात होते. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अधिवेशनाला आता २०,००० हून अधिक माणसे येतात. एकाच वेळी अनेक सभागृहांत व्याख्याने चालू असतात आणि भल्यामोठ्या दालनात सकाळ-दुपार पोस्टरची सत्रे भरतात. एवढ्या पसाऱ्यातला एखादाच कोपरा एका माणसाला नीट पाहता येतो. लॅबने मिळून जाण्याला अर्थ आहे तो यामुळेच. मात्र तिथे पोहोचल्यावर मिळून फिरण्यात काहीही हशील नाही.

नव्या जागेची भीड असते, म्हणून सगळे जण एकाच व्याख्यानाला एकाच रांगेत बसतात, दुपारी एकाच टेबलावर जेवतात आणि सहा जणांच्या विमानभाड्यात एका माणसाच्या नोंदी घेऊन परततात. तुम्ही असे करू नका. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचे गोषवारे, आधीच ऑनलाइन येतात; निघण्याच्या आठवड्यात लॅबच्या प्रमुख मॅडमबरोबर बसून ती चाळा आणि कोण कोणत्या सत्राला जाणार ते ठरवा. वाटणी करताना प्रत्येकाने आपल्याबरोबर लॅबमधल्या दुसऱ्या कोणाचा तरी एक अडलेला प्रश्न घेऊन जावे, असे मला मनापासून वाटते. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाची अँटीबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा रेणू) नीट काम करत नसेल, तर ती वापरणारे पोस्टर तू शोधायचेस आणि तुझ्या प्रश्नासाठी त्याने फिरायचे. रात्री जेवणानंतर अर्धा तास एकत्र बसून हे सगळे एकमेकांना सांगायचे. कितीही थकलेले असलात तरी ही बैठक चुकवू नका, कारण दिवसभरात ऐकलेल्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

मोठ्या नावांच्या व्याख्यानांचा मोह आवर. ती बहुतेक सगळी नंतर ध्वनिचित्रमुद्रणात पाहायला मिळतात. पोस्टरशेजारी उभी असलेली, तो प्रयोग स्वतःच्या हाताने केलेली व्यक्ती मात्र नंतर भेटत नाही. कोणत्या सेल लाइनमध्ये (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींत) परिणाम दिसला नाही, नमुना किती तास बर्फावर राहिला तर आरएनए खराब झाले, ही माहिती शोधनिबंधात क्वचितच छापली जाते, पण समोर विचारले की माणसे मोकळेपणाने सांगतात.

आता तुझ्या पोस्टरविषयी. तू गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतल्या कर्करोगावर काम करतेस आणि तिथे येणाऱ्या अनेकांचा पहिला प्रश्न एचपीव्ही विषाणूचा असेल. अमेरिकेत घशाच्या मागच्या भागातले बहुसंख्य कर्करोग या विषाणूशी निगडित असल्यामुळे त्यांचे विचारणे स्वाभाविक आहे. तंबाखूची गोळी नेमकी याच खाचेत तासन्‌तास धरली जाते, आपल्याकडे अनेक बायका मशेरी लावतात, आणि म्हणून हा आजार वेगळ्या वाटेने होतो, हे तुला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू, तो दातांना घासतात, हेही सांगावे लागेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघाच्या भारतीय गटाने २०१३ मध्ये याच कर्करोगात यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२ अशा जनुकांमधले वारंवार आढळणारे बदल नोंदवले होते. तुझे निष्कर्ष त्यांच्याशी कुठे जुळतात आणि कुठे नाही, हे तोंडपाठ ठेव. सुरुवात पद्धतीपासून करू नकोस. तुला काय सापडले ते आधी सांग. ऐकणाऱ्याला रस असेल तर पद्धत तोच विचारेल.

लॅबच्या मित्रमैत्रिणींना पोस्टरपुढे घोळका करू देऊ नकोस, कारण चार ओळखीची माणसे मराठीत बोलत उभी दिसली की अनोळखी माणूस पुढे निघून जातो. एकाने मात्र बाजूला वही घेऊन उभे राहावे आणि तुला विचारलेले प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव आणि संस्था लिहून घ्यावी. बोलत असताना तुला ते लिहिता येणार नाही. तुझे सत्र दुपारी दोनला सुरू होत असेल तर तेव्हा मुंबईत रात्रीचे अडीच वाजलेले असतील, म्हणून निदान दोन दिवस आधी पोहोचा. पोस्टर कापडावर छापून घे. घडी करून हातातल्या बॅगेत मावते आणि सामान हरवले तरी वाचते.

कधी असे होते की दुसऱ्या देशातल्या कोणी तुझेच काम आधी पूर्ण करून टांगलेले दिसते. पोटात गोळा येतो, तरी तिथून निघून जाऊ नकोस. त्यांचे नमुने कोणत्या रुग्णांचे आहेत, त्यात तंबाखू खाणारे किती, हे विचार. दोन वेगळ्या समाजांत एकच गोष्ट दिसली तर ती अधिक भक्कम ठरते, आणि वेगळी दिसली तर तुझ्या प्रबंधाचे पुढचे प्रकरण तिथेच सापडते.

अप्रकाशित डेटापैकी काय दाखवायचे ते मॅडमशी आधी ठरव. पेटंटचा विचार असेल तर अर्ज अ‍ॅब्स्ट्रॅक्ट प्रसिद्ध होण्याआधी दाखल झालेला हवा. दुसऱ्याच्या पोस्टरचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

एवढ्या मोठ्या दालनात आपल्या कामाला कोण विचारणार, असे तुला वाटेल. शिकागोत २०१५ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या मुख्य सत्रात टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांनी तोंडाच्या कर्करोगाचाच एक जुना वाद मांडला होता: सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णाच्या मानेतल्या लसिका गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की आजार तिथे दिसेपर्यंत थांबावे? त्यांच्या चाचणीत गाठी लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, तर थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. अशी चाचणी मुंबईत होऊ शकली, कारण हे रुग्ण इथे रोज येतात. तुझ्या नमुन्यांचे मोलही तेच आहे आणि ते तू संकोच न करता सांगावेस.

परतल्यावर आठवड्याच्या आत, ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना नेमका मुद्दा लिहून ईमेल पाठव. ती प्रश्नांची वही मलाही पाहायला आवडेल; त्यातला कोणता प्रयोग आधी हाती घ्यायचा ते मॅडमना विचारून आपण तिघे बसून ठरवू.

कळावे.