वाचकांचे प्रश्न : गोडो कम्पाइल करताना संगणक का हँग होतो?

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोडो या गेम बनवायच्या इंजिनच्या एडिटरमध्ये एक छोटासा बदल करून पाहायचाय, म्हणून लिनक्सवर सोर्स कोडपासून कम्पाइल करतेय, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवतेय. माझ्या डेस्कटॉपला ८ जीबी रॅम आहे, प्रोसेसर ८ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी ८ कामं करणारा. एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून कमांडला ‘डेव्ह_बिल्ड=येस’ जोडलं. बराच वेळ सगळं नीट चालतं, मग माउससुद्धा हलत नाही आणि शेवटी ‘किल्ड’ हा शब्द असलेली एरर येते. कम्पायलर काढून पुन्हा टाकला, फोल्डर पुसून सोर्स तीनदा नव्याने उतरवला, तरी तेच. माझं काय चुकतंय? की नवा संगणकच घ्यावा लागेल?

उत्तर : नवा संगणक नको, आणि कम्पायलरचाही काही दोष नाही. आधी एकच सांगते, चौथ्यांदा तो फोल्डर पुसू नकोस. तुझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया गेलाय.

गोडो बिल्ड करतं ते स्कॉन्स, पायथनमध्ये लिहिलेलं साधन. ते हजारो फायली एकेक करून कम्पायलरच्या हाती देतं आणि प्रत्येकीची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कम्पाइल झालेला तुकडा, डिस्कवर ठेवतं. मध्येच बिल्ड थांबलं तरी तयार झालेल्या ऑब्जेक्ट फायली जागच्या जागी असतात. तीच कमांड पुन्हा दिली की स्कॉन्स तपासतं, झालेलं सोडतं आणि उरलेल्यावर जातं. तू फोल्डर पुसलास की ते सगळं गेलं. टर्मिनलमध्ये तुला टक्के न दिसता नुसतं ‘इनिशियल बिल्ड’ दिसत असेल, त्याचं कारण म्हणजे अजून एकही बिल्ड पूर्ण झालेलं नाही. आधीच्या पूर्ण बिल्डची मोजदाद हाताशी असली तरच किती टक्के झालं ते कळतं.

आता ‘किल्ड’बद्दल. तुझ्या पत्रात पूर्ण ओळ नाही, पण वर्णनावरून ती ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसीवन-प्लस’ अशी असणार. सीसीवन-प्लस म्हणजे सी प्लस प्लसचा खरा कम्पायलर. तो स्वतःहून बंद पडलेला नाही, त्याला बाहेरून मारलंय. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, उरलेली व्यवस्था वाचवायला सहसा जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया निवडतो आणि बंद करतो. खात्री करायची असेल तर एरर आल्याबरोबर कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेजची (dmesg) कमांड चालवून शेवटच्या ओळी पाहा. ‘आउट ऑफ मेमरी’ असं लिहिलेलं सापडलं की शंका मिटली.

रॅम संपते कशी? कमांडमध्ये आकडा सांगितला नाही तर गोडोचं बिल्ड तुझ्यासारख्या ८ थ्रेडच्या संगणकावर एक थ्रेड सोडून बाकी सगळे कामाला लावतं. म्हणजे एका वेळी ७ कम्पायलर. शंभर ओळींची फाइलसुद्धा तिने आत ओढलेल्या हेडर फायलींसकट (अनेक फायलींना लागणाऱ्या सामायिक घोषणांसकट) हजारो ओळींची होते, आणि काही जड फायलींना एकट्यालाच १ जीबीच्या आसपास मेमरी लागते. अशा तीन-चार जड फायली एकाच वेळी आल्या, मागे ब्राउझर उघडा असला, की ८ जीबी कुठच्या कुठे जाते. जड फायलींचा जमाव प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी होतो, म्हणून एरर दर वेळी वेगळ्या फाइलवर येते आणि माणूस त्या त्या फाइलमध्ये चूक शोधत बसतो. मीसुद्धा पहिल्या बिल्डला एक अख्खा दिवस असा घालवला होता. शेवटी शेजारी दुसरं टर्मिनल उघडून मोकळी मेमरी दर सेकंदाला दाखवायला लावली. एका बाजूला ‘कम्पायलिंग’च्या ओळी वर सरकत होत्या आणि दुसरीकडे आकडा ४ जीबीवरून २, मग १, मग काहीशे एमबीवर येत होता. ते पाहिल्यावर मी कोडमध्ये चूक शोधणं सोडलं.

तर असं कर. ब्राउझर बंद कर. कमांडच्या शेवटी वजा चिन्ह, जे आणि ३ लिही, म्हणजे एका वेळी तीनच कामं चालतील. तरी मेमरी भरायला लागली तर कंट्रोल-सी दाबून थांबव आणि २ लिहून पुन्हा सुरू कर. हा आकडा बदलला म्हणून काहीही नव्याने कम्पाइल होत नाही, बिनधास्त बदल. वेळ जास्त लागेल हे खरं. रात्री लावून ठेवलंस तरी चालेल.

दुसरी अडचण ‘डेव्ह_बिल्ड=येस’ची. त्यात ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करायची प्रक्रिया) नसतं, त्यामुळे कम्पाइल लवकर होतं, हा फायदा आहेच. पण त्यासोबत डीबग सिम्बॉल (चूक शोधायला लागणारी जास्तीची माहिती) येतात, ऑब्जेक्ट फायली फुगतात, आणि सगळ्यात शेवटी लिंकिंगच्या, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करण्याच्या, वेळी त्या एकाच प्रक्रियेत एकत्र येतात. लिंकिंग ही एकच प्रक्रिया असल्याने तिथे जे-चा आकडा कमी करून उपयोग होत नाही. तुला डीबगरमध्ये एकेक ओळ चालवून पाहायची नसेल तर ‘डीबग_सिम्बॉल्स=नो’ जोड. कम्पायलरचे पर्याय बदलल्यामुळे सगळं एकदा नव्याने कम्पाइल होईल, म्हणून हे आत्ताच ठरव, अर्ध्यावर गेल्यावर नको. शिवाय ८ जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, करून ठेव. स्वॅप संथ असते, पण काम मरण्यापेक्षा रेंगाळलेलं बरं.

बिल्डचा वेळ कमी करायला ‘एससीयू_बिल्ड=येस’ लावा असा सल्ला कुणी देईल. त्यात अनेक फायली जोडून एकत्र कम्पाइल करतात. वेळ खरंच वाचतो, पण एकेका कम्पायलरला लागणारी मेमरी वाढते. तुझ्या संगणकावर तो वापरायचाच झाला तर ‘एससीयू_लिमिट’चा आकडा लहान ठेव.

आणि एक सवय लावून घे. अनेक कामं एकाच वेळी चालू असली की खरी एरर वर कुठेतरी राहते आणि सगळ्यात खाली फक्त ‘बिल्डिंग टर्मिनेटेड’ उरतं. अशा वेळी जे-चा आकडा १ करून तीच कमांड दे. एरर एकटी, स्वच्छ दिसते.

एकदा बिल्ड पूर्ण झालं की तुझ्या त्या छोट्या बदलाला फार वेळ लागणार नाही. एडिटरची एक सीपीपी (सी प्लस प्लस कोडची) फाइल बदललीस तर तेवढीच कम्पाइल होते आणि लिंकिंग होतं. व्हेरिअंट किंवा ऑब्जेक्ट या इंजिनच्या मूळ क्लासच्या हेडरला मात्र हात लावलास तर जवळजवळ सगळं इंजिन पुन्हा बनेल, कारण ते हेडर सगळीकडे ओढलेले आहेत.

प्रश्न : नमस्कार. मी गोडो ४ मध्ये मराठी शब्दकोड्यांचा गेम केला आहे. गेमची फाइल लहान व्हावी म्हणून नको ती मॉड्यूल बंद करून एक्स्पोर्ट टेम्प्लेट (गेमसोबत जाणारं, एडिटरशिवायचं इंजिन) स्वतः कम्पाइल केलं. आकार उतरला, पण मराठी अक्षरं फुटली. एडिटरमध्ये सगळं बरोबर दिसतं. चार फॉन्ट बदलून पाहिले. आपण काही सुचवू शकाल का?

उत्तर : फॉन्ट निर्दोष आहेत. तुम्ही ‘टेक्स्ट सर्व्हर ॲडव्हान्स्ड’ हे अक्षरं जुळवणारं मॉड्यूल बंद करून त्याऐवजी साधं ‘फॉलबॅक’ सुरू केलं असणार. आकार कमी करण्याच्या सूचनांमध्ये हा पर्याय असतो आणि इंग्रजी गेमला तो चालूनही जातो. देवनागरीला नाही.

आपली अक्षरं साठवलेल्या क्रमाने नुसती शेजारी शेजारी मांडून चालत नाहीत. ‘किती’ लिहिताना संगणक आधी क साठवतो आणि मग पहिली वेलांटी, पण पडद्यावर ती वेलांटी क-च्या आधी यावी लागते. ‘शक्ती’मध्ये क, हलंत आणि त मिळून एक आकृती व्हावी लागते. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते आणि ती ॲडव्हान्स्ड मॉड्यूलच्या आत असते. फॉलबॅकमध्ये ही जुळणीच नाही, म्हणून तुम्हाला क-चा पाय मोडलेला आणि त वेगळा दिसतोय. एडिटर तुम्ही अधिकृत, तयार डाउनलोड केलेला वापरता, त्यात ॲडव्हान्स्ड सुरूच असतं, म्हणून तिथे सगळं जागेवर दिसतं.

ते मॉड्यूल सुरू करून टेम्प्लेट पुन्हा बनवा. त्याने फाइल काही एमबीने वाढेल, ती वाढू द्या. शब्दकोड्यात जोडाक्षर तुटलेलं मला तरी चालणार नाही, आणि तुमच्या खेळाडूंनाही चालू नये. आकार दुसरीकडून कमी करा. गेम द्विमितीय असेल तर ‘डिसेबल_थ्रीडी=येस’ लावा. ‘ऑप्टिमाइझ=साइझ’ लावा. आधी टेम्प्लेट बनवा आणि ‘किती’, ‘शक्ती’, ‘र्‍हास’, ‘कृत्रिम’ हे चार शब्द एका लेबलवर टाकून पाहा, मगच पुढचं मॉड्यूल बंद करा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे काय कशाने बिघडलं ते लगेच कळेल.

प्रश्न : बदललेलं इंजिन वापरून केलेला गेम विकला तर माझा सोर्स कोड जाहीर करावा लागेल का?

उत्तर : नाही. गोडो २०१४ साली एमआयटी परवान्याखाली खुलं झालं आणि तो परवाना बदल करायला, विकायला आणि कोड स्वतःजवळ ठेवायलाही मोकळीक देतो. अट एकच, इंजिनचा कॉपीराइटचा मजकूर आणि परवान्याचा मजकूर गेमसोबत द्यायचा. श्रेयनामावलीच्या पानावर टाकला तरी पुरे. इंजिनमध्ये इतरांच्या लायब्ररी आहेत, त्यांचेही आपापले परवाने आहेत. ते सगळे सोर्सच्या फोल्डरमधल्या ‘कॉपीराइट’ नावाच्या फाइलमध्ये एकत्र सापडतील. मॉड्यूल बंद केलेलं असलं तरी मी स्वतः ती फाइल पूर्णच जोडते.