काकांना लागू पडलेली इम्युनोथेरपी बाबांना का नाही?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. बाबा ७१ वर्षांचे, प्रोस्टेट कॅन्सर हाडांत गेलाय, हॉर्मोनचं इंजेक्शन चालू आहे. काकांना फुप्फुसाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपीने खूप फरक पडला, मग बाबांना का देत नाहीत? – एक मुलगी, डिचोली

उत्तर: ताई, तुमची घालमेल कळते, पण डॉक्टर टाळत नाहीयेत. वाड्यावर परका माणूस शिरला की लगेच कळतं, घरचाच पोरगा बिघडला तर उशिरा कळतं, तसंच आहे हे. विडी-सिगरेटमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये जीन्सचे बिघाड भरपूर, त्यामुळे त्या पेशी टी-सेल्सना, म्हणजे शरीराच्या शिपाई पेशींना, परक्या वाटतात, प्रोस्टेटमध्ये असे बिघाड फार कमी, म्हणून इम्युनोथेरपीने टी-सेल्सवरचा ब्रेक काढला तरी हल्ला कोणावर करायचा तेच त्यांना कळत नाही.

म्हणून सध्या सगळी धडपड चाललीय ती नेमकं टार्गेट शोधायची. पीएसए, म्हणजे रक्ततपासणीत मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन, चालत नाही कारण ते पेशीतून बाहेर रक्तात जातं, आणि अँटीबॉडीला, म्हणजे ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनाला, धरायला पेशीच्या वरच काहीतरी पक्कं लागतं. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशीवरचं प्रथिन तसं आहे, पण बाबांचा पीएसएमए पेट स्कॅन झाला असेल तर त्याचं चित्र बघा, गाठींबरोबर लाळेच्या ग्रंथी आणि किडन्यापण चमकताना दिसतील. खरी अडचण तिथेच आहे. निरोगी प्रोस्टेट गेलं तरी माणूस जगतो, किडनीवर हल्ला झाला तर कसं चालेल? शिवाय एकाच पेशंटच्या काही गाठींवर पीएसएमए असतं, काहींवर नसतंच. म्हणून स्टीप-१ सारखी, कॅन्सरच्या पेशीवरचीच, दुसरी टार्गेट्सपण तपासतायत, एक टोक टी-सेलला आणि दुसरं कॅन्सरला धरणाऱ्या अँटीबॉडीज बनवून, आणि मला यातून खरंच आशा वाटते. अमेरिकेत २०१० मध्ये पेशंटच्याच रक्तपेशींपासून बनवलेली सिप्युल्युसेल-टी ही लस मंजूर झाली, तिने आयुष्य सरासरी चारेक महिने वाढलं, थोडंच, पण रस्ता आहे हे तरी कळलं.

आता तुमच्या हातातलं. बायोप्सीचा मेणात बसवलेला ब्लॉक पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो, बायोप्सी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात (गोवा मेडिकल कॉलेज) झाली असेल तर तिथे, नाहीतर जिथे झाली तिथे विचारा. त्यावर एमएसआय टेस्ट होते, पेशीची जीन्स दुरुस्त करायची यंत्रणा बिघडून बिघाड भरपूर साठलेत का ते त्यात कळतं. प्रोस्टेटच्या शंभरात साधारण तिघांमध्येच ती पॉझिटिव्ह येते, पण आली तर काकांसारखी इम्युनोथेरपी बाबांनापण लागू पडू शकते. सोबत बीआरसीए या जीनमधल्या दोषाच्या टेस्टचंही विचारा, त्यावर वेगळ्या गोळ्या आहेत, आणि दोष आनुवंशिक निघाला तर तुम्ही भावंडांनीही तपासून घ्या. तोवर इंजेक्शनची तारीख चुकवू नका.