आगलावू, ज्वालाग्राही की दाहक?

धाराशिवच्या एका वाचकाचा प्रश्न: बातम्यांत नापामला (चिकट केलेल्या पेट्रोलच्या बॉम्बला) ‘ज्वालाग्राही बॉम्ब’ म्हणतात, ते बरोबर आहे का? मग ‘दाहक’ आणि ‘स्फोटक’ कशाला म्हणायचं?

‘ज्वालाग्राही’ इथे चुकलंच. ज्वाला चटकन धरणारं ते ज्वालाग्राही; तो पदार्थाचा गुण. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटते, म्हणून टँकरवर हा शब्द शोभतो. कडबा नुसता ज्वलनशील. पण त्याच कडब्याच्या गंजीला कुणी मुद्दाम काडी लावली, तर ती काडी आगलावू. हा शब्द गुणावरून नव्हे, हेतूवरून आला, आणि बॉम्बला तोच हवा. पण भांडणं लावणाऱ्यालाही आपण आगलाव्या म्हणतो, त्यामुळे छापताना तो हलका वाटतो आणि लेखणी ‘दाहक’कडे वळते. तिथे वेगळाच घोळ: कॉस्टिक सोडा म्हणजे दाहक सोडा. कातडी पोळवतो, आग लावत नाही.

देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीचं, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेचं, वरचं तोंड लोखंडी झाकणाने बंद करून त्यावर आग पेटवायची सोय होती. धूर आणि धग खाली शिरणाऱ्या शत्रूसाठी. जळण साधं, हेतू मात्र आगलावू.

नापाम १९४२ मध्ये हार्वर्डला तयार झालं. नॅफ्थेनेट आणि पामिटेट या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांवरून नाव पडलं. नुसतं पेट्रोल उडून भसकन जळून जातं. क्षारांनी ते चिकट होतं, बसेल तिथे चिकटून जळत राहतं. पांढऱ्या फॉस्फरसला काडीही लागत नाही. हवेत तो ३० अंशांच्या आसपास आपोआप पेटतो (आपल्या मे महिन्याची गोष्टच सोडा), म्हणून पाण्याखाली ठेवतात. पाणी ओतून विझला असं वाटतं, पण वाळला की पुन्हा पेटतो. थर्माइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि लोहभस्माची भुकटी; त्यात अ‍ॅल्युमिनियम लोहभस्मातला ऑक्सिजन ओढून घेतं, हवा लागतच नाही. उष्णता अडीच हजार अंशांच्या घरात. सैन्य त्याने तोफा, यंत्रं निकामी करतं. रेल्वे त्याच क्रियेने रूळ सांधते. तिथे त्याला आगलावू म्हणणं हास्यास्पद ठरेल.

‘स्फोटक’ वेगळं. त्याची इजा मुख्यतः धक्क्याने होते, आगीने नाही. तोफेची दारू मधली म्हणायची: सोऱ्यातला ऑक्सिजन घेऊन गंधक-कोळसा जळतो, कोंडला तर फुटतो, मोकळा असेल तर नुसता भडकतो. फारसीत दारू म्हणजे औषध. ‘दवादारू’त ते अजून टिकून आहे.

हेतूचा हा भेद कायद्यातही आहे. १९८० च्या आंतरराष्ट्रीय शस्त्रविषयक कराराच्या तिसऱ्या प्रोटोकॉलमध्ये (पूरक करारात) आग लावण्यासाठी किंवा भाजण्यासाठीच मुख्यतः घडवलेलं तेवढंच आगलावू धरलं आहे. धुराचे आणि उजेडाचे गोळे वगळले आहेत. त्यामुळे फॉस्फरसचा गोळा धुरासाठी बनवला असेल तर तो त्या व्याख्येत बसत नाही, भाजलं तरी. अशा बातमीत ‘फॉस्फरसचा धूरगोळा’ लिहा, आणि भाजल्याचं वेगळ्या वाक्यात सांगा.