सुट्टीची खरेदी, उरलेला भात आणि तुमचे तेच ते प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे प्रश्नांचे दोन गठ्ठे जमतात, एक सेलचा आणि एक फ्रिजचा, आणि दरवर्षी प्रश्न तेच असतात. फक्त विचारणारे बदलतात. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतेय. ज्याचं उत्तर एका ओळीत होतं त्याला एकच ओळ मिळेल, राग मानू नका. एका प्रश्नावर मात्र मी बरीच बोलणार आहे, कारण तो ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

प्रश्न: ‘५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के’ असं लिहिलंय. म्हणजे एकूण ७० टक्के ना?

नाही, ६०. शंभराचे पन्नास झाले आणि पुढचे वीस टक्के त्या पन्नासावर, म्हणजे चाळीस द्यायचे.

प्रश्न: दोनावर एक फ्री असेल तर घ्यावं का?

तिन्ही लागणार असतील तर घ्या. एकच हवं होतं आणि तीन आणले तर तुम्ही दुप्पट खर्च केलात, वाचवलं काहीच नाही.

प्रश्न: ऑनलाइन बघताना ‘फक्त ९ मिनिटं शिल्लक’, ‘शेवटचे २ नग’ असं येतं आणि घाबरून ऑर्डर केली जाते. हे खरं असतं का?

कधी असतं, पुष्कळदा नसतं. पान बंद करून परत उघडा, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर काय ते समजा. आणि ती खोडलेली मूळ किंमत, तिच्यावर तर अजिबात जाऊ नका, सेलच्या आधी ती वाढवून ठेवायची आणि मग खोडायची ही युक्ती इतकी माजली की युरोपियन युनियनने २०२२ पासून नियमच लागू केला, सूट दाखवताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत धरायची. आपल्यासाठी सोपा उपाय म्हणजे जे घ्यायचंय त्याची आजची किंमत वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, सेल लागायच्या आधीच. वस्तू कार्टमध्ये टाका आणि झोपा. सकाळी हवीशी वाटली तर घ्या. फ्री डिलिव्हरीसाठी वरचे पैसे भरून काढायला काहीतरी अजून घेणारे तर मला रोज भेटतात, डिलिव्हरीचे पैसे वाचवायला त्याच्या तिप्पट किमतीची वस्तू घेतात वर खूशही असतात.

प्रश्न: नो कॉस्ट ईएमआयवर मिक्सर आणि ओव्हन दोन्ही घेतोय. व्याज नाहीच तर हरकत काय?

पैसे वापरायला कोणी फुकट देत नाही. एक तर रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती तुम्हाला मिळत नाही, तीच तुमच्या व्याजापोटी गेलेली असते, नाहीतर प्रोसेसिंग फी नावाने घेतलेलं असतं. दुकानात एकच प्रश्न विचारायचा, ‘आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला द्याल?’ दोन आकड्यांतला फरक म्हणजे ईएमआयची किंमत. वस्तू परत केली तर फी परत मिळते का, हप्ता चुकला तर दंड किती, हे अटींमध्ये वाचा, सेल्समनच्या तोंडावर जाऊ नका. आणि आधीचे दोन-तीन हप्ते चालू असतील तर हा प्रश्न मला विचारायचाच नाही, आधी बँकेत किंवा एखाद्या आर्थिक सल्लागाराकडे सगळे हप्ते एका कागदावर मांडून बसा.

प्रश्न: पाहुणे येणार म्हणून सुकामेवा, पीठ, तेल मोठ्या पॅकमध्ये घेतलं तर स्वस्त पडतं ना?

लेबलवरची किंमत वजनाने भागून बघा, मोठा पॅक दरवेळी स्वस्त असतोच असं नाही. दुसरं म्हणजे संपणार कधी? अक्रोड-बदामांमध्ये तेल असतं, ते उघडे राहिले की खवट होतात, कोंड्यासकटच्या पिठाचंही तेच, त्यात दाण्याचा अंकुर असतो आणि त्यातल्या तेलामुळे ते मैद्यापेक्षा लवकर खराब होतं. हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवलं तर बरेच दिवस टिकतं. महिन्या-दीड महिन्यात संपेल तेवढंच घ्या. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे चव-दर्जाची तारीख आणि ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खायचं नाही, या दोन्हीत गल्लत नको. लहान बाळाच्या खाण्याच्या बाबतीत तारीख उलटली की विषय संपला, तिथे काटकसर नाही.

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. सुट्टीत रोज ओट्याशी उभं राहायला नको म्हणून एकदाच मोठं पातेलं भरून ग्रेव्ही आणि कुकरभर भात करून ठेवते. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की विषारी होतं असं सासूबाई म्हणतात, म्हणून रात्रभर ओट्यावर गार होऊ देते आणि सकाळी फ्रिजमध्ये टाकते. खाताना खळखळून उकळते. चालतं ना?

नाही चालत. एकदाच करून ठेवायची कल्पना चांगली आहे, तीच करा, पण ती रात्र बंद करा.

आता नीट ऐका. अन्न शिजवलं की त्यातले जिवंत जंतू बहुतेक मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली झोपलेली रूपं, असतात ते उकळूनही मरत नाहीत. भातात असतो बॅसिलस सिरियस, ग्रेव्हीच्या आणि मटणाच्या मोठ्या पातेल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. तांदळाबरोबर, मसाल्यांबरोबर, मातीतून हे घरात येतातच, तुमची स्वच्छता कितीही चांगली असो. अन्न ६० अंशांच्या वर असेल तर ते गप्प, ५ अंशांच्या खाली असेल तर जवळजवळ गप्प. मधल्या पट्ट्यात ते जागे होतात आणि वाढतात, आणि परफ्रिंजन्सला कोमट ग्रेव्ही मिळाली तर दहा-बारा मिनिटांत एकाचे दोन होतात. तुमचं पातेलं त्या पट्ट्यात किती वेळ होतं? रात्रभर.

‘पण मी उकळते ना!’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं. उकळल्याने जंतू मरतील, पण भातात त्या बॅसिलसने रात्रभर बसून जे विष बनवलं ते तसंच राहतं. उलट्या करवणारं ते विष १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं, म्हणजे तुमच्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांनीही ते जात नाही. वासाने कळतं म्हणाल तर तेही नाही, त्याला ना वास ना चव. ‘आम्ही इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही’ याला माझ्याकडे उत्तर नाही, झालं असेल तेव्हा तुम्ही ‘बाहेरचं काहीतरी बाधलं’ म्हणाला असाल.

सासूबाईंच्या म्हणण्यात खरं एवढंच की वाफाळतं मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर शेजारचं दूध-बिध कोमट होतं. अन्न विषारी वगैरे काही होत नाही. पण मोठं पातेलं फ्रिजमध्ये ठेवूनही भागत नाही, कारण बाहेरून हाताला गार लागतं आणि मधोमध तासन् तास कोमट राहतं. घट्ट पदार्थाचा थर दुप्पट केला की गार व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून उपाय थर पातळ करण्याचा आहे. गॅस बंद केला की ग्रेव्ही पसरट, उथळ डब्यांत काढा, थर ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. घाई असेल तर पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि डाव हलवत राहा, वीसेक मिनिटांत फरक कळतो. भात ताटात पसरा. वाफ गेली, भांडं हाताला सोसायला लागलं की आत, झाकण थोडं तिरकं ठेवून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट. काहीही झालं तरी दोन तासांच्या आत, भात तर एका तासात. डबे एकमेकांवर रचू नका, मधून हवा फिरू द्या.

मोठमोठ्या स्वयंपाकघरांमध्ये अनेक देशांत यासाठी नियम आहे, ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. घरी आकडे पाठ करायची गरज नाही पण सेलमध्ये काही घ्यायचंच असेल तर एक टोचून बघायचा थर्मामीटर आणि एक फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या, तिसऱ्या मिक्सरपेक्षा उपयोगी पडतील. फ्रिज ४ अंश किंवा खाली, फ्रीजर उणे १८. आत्ता जाऊन बघा, सुट्टीत दर पाच मिनिटांनी मुलं दार उघडतात, त्या फ्रिजचं तापमान बघून धक्का बसेल.

ग्रेव्ही तीन-चार दिवसांत संपवायची, भात दुसऱ्या दिवशीच. त्याहून जास्त ठेवायचंय तर पहिल्याच दिवशी एकावेळच्या हिशोबाने पाकिटं करून, वर तारीख लिहून फ्रीजरमध्ये. गरम करताना लागेल तेवढंच काढा, मधोमध ७४ अंश झालं पाहिजे, आणि एकदाच, उरलेलं परत आत नाही.

घरात गरोदर बाई असेल, तान्हं बाळ असेल, वयस्कर माणसं असतील किंवा कोणाची केमो चालू असेल तर हेही पुरत नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. अशांना साठवलेलं काय द्यायचं काय नाही, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मला नको, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर तर नकोच.

प्रश्न: बाहेर काढून वितळलेलं परत फ्रीजरमध्ये टाकलं तर?

फ्रिजमध्ये वितळलं असेल तर चालेल, चव थोडी जाईल. ओट्यावर वितळलं असेल तर नाही.

प्रश्न: स्लो कुकर घेतलाय. सकाळी कोरडा राजमा टाकून ऑफिसला गेलं तर संध्याकाळी तयार?

अजिबात नको! कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. उकळल्याने तो जातो. स्लो कुकर मात्र बऱ्याचदा उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही घातक होऊ शकतो. पाच तास तरी भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मग हवा तर स्लो कुकरमध्ये टाका. खरं तर प्रेशर कुकर घरात असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला. कंपनीच्या पुस्तिकेतल्या रंगीत फोटोंच्या मागे सूचनांचं पान असतं, तेवढं वाचा.

प्रश्न: एअर फ्रायर घेऊ का? तेल वाचतं, वेळ वाचतो म्हणतात.

तो एक छोटा ओव्हन आहे, पंखा लावलेला. बस. दोघांसाठी बरा आहे, पाच-सहा जणांसाठी एकाच पदार्थाचे तीन घाणे काढत बसाल आणि पहिला घाणा गार झालेला असेल. ओव्हन आधीच असेल तर गरज नाही. दीड हजार वॅटच्या आसपास लोड असतो, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्डावर केटलीच्या शेजारी लावायचा नाही, घराची वायरिंग जुनी असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि ‘हार्टसाठी चांगला’ ही जाहिरात आहे. हार्टसाठी काय चांगलं ते तुमच्या डॉक्टरांना ठाऊक.

प्रश्न: तळून उरलेलं तेल परत वापरू का?

गाळून, झाकून, अंधारात ठेवून एकदा फोडणीला, चालेल. काळपट झालं, फेस येतो, तापायच्या आधीच धूर येतो, चिकट लागतं, यातलं एक जरी दिसलं तरी फेका, त्यात ताजं तेल मिसळून ‘ठीक’ करू नका. सिंकमध्ये ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात टाका.

प्रश्न: परवा घरी जेवण झालं, तेव्हापासून तिघांना जुलाब आहेत, धाकट्याचं अंगही तापलंय आणि तो मलूल आहे. औषध नको म्हणून ताक-भात आणि ओवा देतोय. अजून किती दिवस वाट बघू?

वाट बघायची नाही. प्रश्न लिहायला बसलात तेवढ्या वेळात दवाखान्यात पोचला असता. ताप, जुलाबात रक्त, लघवी कमी, तोंड कोरडं, मूल मलूल, यातलं एकही असेल तर आजच डॉक्टर, रात्र झाली असेल तर इमर्जन्सी. निघेपर्यंत ओआरएस थोडं थोडं पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा, मोजून, अंदाजाने नाही. जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलाला स्वतःहून देऊ नका. परवाचं जेवण काय होतं, किती वेळ बाहेर होतं, कोणी काय खाल्लं, हे कागदावर लिहून न्या, आणि अजून उरलं असेल तर कोणीही चाखून बघू नका.

प्रश्न: येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. थोडंसं कूट घातलं तर कळतं का?

घालायचंच नाही. तिच्या आईला आज फोन करा आणि काय चालतं, औषध कुठलं बरोबर असतं, ते तिच्याकडूनच ऐकून घ्या.