नाशिकला राहतो, पहिली एअर रायफल घेतोय. लाकडी दस्ता घेऊ की सिंथेटिक? पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणतात, खरं का?

फुगतं. लाकूड आहे, दमट हवा लागली की फुगणारच, आणि ते रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. पण "म्हणून लाकडी घेऊच नका" हे पुढचं वाक्य लोक जे लगेच चिकटवतात ना, तिथे माझं डोकं फिरतं. आमचे साडू ओझरला असतात, कंपोझिट मटेरियलवर बोलायला लागले की ताटातलं जेवण गार होतं. त्यांच्या मते लाकडी दस्ता म्हणजे फर्निचर. हा वाद आमच्याकडे प्रत्येक लग्नात, बारशात होतो, त्यामुळे तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही.

आमच्याकडे वडिलांपासूनची .315 बोअरची रायफल आहे, शेतीच्या संरक्षणाच्या लायसन्सवरची. शेत घोटीच्या पुढे, भाताचं, म्हणजे पाऊस किती ते सांगायला नको, इगतपुरीच्या बाजूला तीन हजार मिलिमीटरच्या पुढेच जातो. ही रायफल ली-एनफिल्डच्या घराण्यातली, म्हणजे बटचं (दस्त्याचा खांद्याला टेकतो तो मागचा भाग) लाकूड वेगळं आणि बॅरलखालचं, म्हणजे नळीखालचं, वेगळं. आता 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली, हत्यार जमा करा म्हणून निरोप आला, केलं. परत मिळालं तोवर पाऊस धरलेला. मधल्या काळात ते कुठल्या कोंदट खोलीत उभं करून ठेवलं होतं देव जाणे, बटवर पांढरी बुरशी, स्लिंगचा पट्टा कडक झालेला, आणि सही करून घेणारा म्हणतो नीट बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही.

रेंजवर नेली तर सगळ्या गोळ्या वर आणि उजवीकडे. गठ्ठा बरा पडत होता पण नेम होता तिथे एकही नाही. साडू सोबत होते. झालं, पुढच्या बारशाला पाळण्याशेजारी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की याच्या बंदुकीला ओल आलीये, आता तरी तो ओंडका काढ आणि फायबरचा दस्ता बसव. बसव म्हणजे कुठून बसव? .315 साठी तयार सिंथेटिक दस्ता शोधून दाखवा म्हटलं, तर विषय बदलला.

मी ती आमच्या नेहमीच्या गनस्मिथकडे, चाचांकडे, नेली. (लायसन्सवाल्याकडेच न्या, आपल्याकडे बंदूक दुरुस्त करायलासुद्धा लायसन्स लागतं, ओळखीचा सुतार कितीही चांगला असला तरी नाही.) चाचांनी पुढचं लाकूड उतरवलं आणि मला उजेडात धरून दाखवलं. बाहेरून काय चकाचक पॉलिश, आणि आत जिथे बॅरल बसतं त्या खोबणीत लाकूड कोरडंठाक, करड्या रंगाचं, कित्येक वर्षांत तेलाचा थेंब न लागलेलं. फक्त एका अंगाला बोटभर लांब पट्टा घासून घासून काळा, काचेसारखा गुळगुळीत झालेला. लाकूड तिथून फुगलं होतं आणि बॅरलला एका बाजूने ढकलत होतं. गोळी सुटताना बॅरल थरथरतं, त्या थरथरण्याला एका बाजूने अडवलं की गोळी दुसरीकडे जाणार, एवढं साधं आहे.

आता इथे लोक काय करतात, लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतात. चाचा म्हणाले, आत्ता घासलं तर सुकल्यावर ढिलं पडेल, आधी घरात वाळू दे. मग गणपती झाल्यावर बॅरलला काजळी लावली, लाकडात बसवलं, परत काढलं, जिथे काळं उमटलं तेवढंच स्क्रेपरने खरवडलं, परत बसवलं, परत काढलं, असं दुपारभर चाललं होतं. बॅरल कुठे टेकायला हवं आणि कुठे नको हे त्यांना पाठ, मी फक्त चहा सांगत होतो. शेवटी आतून आणि बटच्या टोकाला असलेल्या बटप्लेटखाली, जिथे लाकडाचा कापलेला आडवा भाग उघडा असतो तिथे, पॉलीयुरेथेनचे हात दिले. जवसाच्या तेलाबद्दल मी विचारलं कारण वडील दर दिवाळीला तेच चोळायचे. चाचा म्हणाले चोळ की, दिसायला छान दिसतं, पाण्याचा शिडकावाही झेलेल, पण हवेतली ओल त्याने थांबत नाही. त्यानंतर रायफल परत पहिल्या जागी मारायला लागली आणि पुढच्या पावसातही हलली नाही.

साडू म्हणाले, नशीब.

बरं, त्यांची स्वतःची काय गंमत सांगू. त्यांच्याकडे .177 ची स्प्रिंगवाली एअर रायफल, काळा मोल्डेड दस्ता, दिसायला एकदम कमांडो. टिचकी मारली की रिकाम्या बादलीसारखा आवाज, कारण बट आतून पोकळ. स्प्रिंग रायफल दोन झटके देते, पिस्टन सुटताना मागे आणि पिस्टन जाऊन आदळताना पुढे, आणि त्या धक्क्यांनी दस्त्याचे स्क्रू हळूहळू सैल होतात. साडूंनी आधी पेलेट (छर्रे) बदलले, मग स्कोप बदलला, मग स्कोपचे माउंट बदलले. मी खिशातून अ‍ॅलन की काढून पुढचे दोन स्क्रू अर्धा अर्धा आटा आवळले आणि रायफल सरळ मारायला लागली. यावर त्यांचं उत्तर काय, तर हे लाकडीतही झालं असतं. अहो तेच तर मी इतकी वर्षं सांगतोय! मटेरियलचं नाव घेऊन भांडू नका, लोखंड दस्त्यात बसलंय कसं ते बघा.

त्यांचा हुकमी पत्ता म्हणजे व्हिएतनाम. अमेरिकन मरीन्सच्या एम-40 स्नायपर रायफलींचे लाकडी दस्ते तिथल्या जंगलात फुगले, मग 1970 च्या दशकात एम-40ए1 ला फायबरग्लासचे आले. खरं आहे, नाकारत नाही. पण तो थर देऊन बनवलेला भक्कम फायबरग्लास, तुमच्या आमच्या बजेटमधल्या एअर रायफलला जो येतो तो साच्यात ओतलेला प्लास्टिकचा पोकळ माल, दोघांना एकच "सिंथेटिक" म्हणायचं ही चलाखी आहे. आणि रशियनांनी एके-47 च्या घराण्यातल्या रायफलींना बर्चच्या पातळ पट्ट्या चिकटवलेलं लॅमिनेट लाकूड वापरलंच की, ती काय कोरड्या शोकेसमध्ये ठेवायला बनवली होती?

तर तुमचं. तुम्ही शहरात राहता, नाशिक शहर म्हणजे घोटी नव्हे, पाऊस त्या मानाने किरकोळ. स्प्रिंगवाली घेणार असाल तर लाकडी घ्या, वजन जास्त असतं आणि ते वजन झटका खातं. बीचवुड असेल बहुतेक, अक्रोडाचे पैसे देऊ नका, पहिल्या रायफलीला ती चैन आहे. लॅमिनेट मिळालं तर उत्तमच, जड असतं पण हलत नाही. सिंथेटिकच आवडली असेल तर घ्या बापडे, बटमध्ये फोम भरला की तो बादलीचा आवाज जातो.

10 मीटर मॅचसाठी, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी, घेताय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. तसं असेल तर वरचं सगळं सोडा, तिथे वरच्या पातळीवर बरेच जण अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर गेलेत, गालपट्टी, बटप्लेट सगळं सरकवता येतं, आणि एकूण वजन 5.5 किलोच्या आत ठेवावं लागतं एवढं लक्षात ठेवा. घरातल्या मुलासाठी घेत असाल तर मटेरियलआधी लांबी बघा. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा, बोट ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. ताणून पोचत असेल तर ती रायफल कितीही भारी असो, तिथेच ठेवा.

हो, आणि साडूंच्या बाजूने एक सांगतो, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. पावसात बाहेर काढायची असेल, रोज गाडीत आपटत न्यायची असेल, देखभालीचा कंटाळा असेल तर सिंथेटिक बरी. फक्त दस्ता प्लास्टिकचा आहे म्हणून बॅरल गंजायचं थांबत नाही. जून ते सप्टेंबर रेक्झिनच्या कव्हरमध्ये गुंडाळून ठेवलीत तर दसऱ्याला तांबूस डाग पुसत बसाल, दस्ता कुठलाही असो.

कायद्याचं तुम्हाला माहीत असेलच, .177 बोअर आणि छर्ऱ्याची ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, पण म्हणून पक्षी मारायची परवानगी मिळत नाही, कागदाच्या टार्गेटवरच मारा.

दुकानात गेलात की बटप्लेटचे दोन स्क्रू काढून दाखवायला सांगा. आत कोरडं उघडं लाकूड दिसलं तर घरी आणल्यावर आधी तिथे लॅकर मारा. दुकानदार स्क्रू काढायला कुरकुर करायला लागला तर दुसरं दुकान बघा.