मागच्या काचेवरचं नाव

जुन्या गाड्यांच्या मागच्या काचेवर, डिकीच्या कोपऱ्यात, नंबरप्लेटच्या चौकटीवर ती गाडी विकणाऱ्या डीलरचं नाव असायचं. गेल्या महिन्यात त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. आयुष्य स्क्रीन प्रिंटिंगच्या (जाळीतून शाई दाबून छापायच्या) शाईत गेलं, त्यामुळे उत्तरं छापणाऱ्याच्या नजरेने देतोय.

प्रश्न : माझी गाडी १९६४ सालची आहे. मागच्या काचेवर आतून मूळ डीलरचा स्टिकर आहे, पण निम्मा उडालाय. तो काढून, स्कॅन करून नवा छापायचा आहे. न फाटता कसा काढू?

काढूच नका. तुमचं पत्र वाचताना मला माझंच ब्लेड आठवलं. तरुणपणी असाच एक स्टिकर काढायला बसलो होतो. दहा मिनिटांनी तळहातावर निळा-पांढरा भुगा होता आणि काच स्वच्छ. गाडीचा मालक काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

त्या काळातले पुष्कळ स्टिकर आजच्या व्हिनाइलसारखे, म्हणजे चिकट प्लॅस्टिकचे, नव्हते. गोंदाचा थर दिलेला कागद, त्यावर वार्निश आणि शाई. पाण्यात भिजवला की गोंद सुटायचा आणि चित्र कागदावरून सरकवून काचेवर घ्यायचं. म्हणजे तुमच्या काचेवर आहे तो नुसता शाईचा पापुद्रा. त्याला ना कागदाचा आधार, ना प्लॅस्टिकचा. व्हिनाइल असेल तर हेअर ड्रायरने शेकून, नखाने कड उचलून निघू शकतं. पापुद्रा निघत नाही.

तेव्हा तो आहे तिथेच उतरवून घ्या. काच फक्त बाहेरून पुसा. स्टिकरशेजारी मोजपट्टी चिकटवा, कॅमेरा काचेला समांतर धरा आणि दोन फोटो काढा : एकदा आतून पांढरा कागद धरून, एकदा काळा. दोन्हींत रंग सारखाच दिसला तर रंगामागे पांढऱ्या शाईचा थर आहे. काळ्यावर रंग बुडाला तर नाही. मग बाहेरून ट्रेसिंग पेपर लावून कडा पेन्सिलीने गिरवा. फोटोत मापं थोडी फसतात, गिरवलेल्या कागदात नाही.

उडालेला निम्मा भाग मनाने भरू नका. त्याच डीलरचं बाकी सामान शोधा : सर्व्हिस बुकावरचा शिक्का, किल्लीचा बिल्ला, काडेपेटी, कॅलेंडर, नंबरप्लेटची चौकट. अक्षरांचं वळण बहुधा त्यातल्या कशावर तरी सापडतं. संगणकातला फाँट निवडून मोकळे होऊ नका. एरियल १९८२ सालचा आहे. १९६४ च्या गाडीवर तो लावलेली मंडळी मी पाहिली आहेत. तेव्हाची बरीच अक्षरं हाताने काढलेली असायची, एकाच नावातले दोन ‘आर’सुद्धा जुळे नसायचे. सॉफ्टवेअरला आपोआप रेषा काढायला सांगितलं की ते कोपरे गोल करतं आणि दोन्ही ‘आर’ सारखेच गुळगुळीत दिसू लागतात. हातानेच एकेक बिंदू टाका. आणि मूळ स्टिकरवर पत्त्यात चूक असेल तर ती सुधारू नका, कृपा करा.

छपाईचं एकच सांगतो, कारण इथे मीच तोंडघशी पडलोय. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. पारदर्शक फिल्मवर पिवळा छापलात तर काचेवर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून स्क्रीन प्रिंटिंग, किंवा पांढरी शाई असलेलं मोठं यंत्र. आता तुमचा स्टिकर आतून लावायचा आणि बाहेरून वाचायचा. पाण्याने सरकवायच्या कागदावर तो छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं, आधी रंग आणि पांढरा सगळ्यात शेवटी. मी एकदा सवयीने पांढरा आधी मारला. चाळीस स्टिकर, देखणे. काचेवर लावले, बाहेर जाऊन पाहिलं, तर नुसता पांढरा चौकोन. डीलरचं नाव वाचायला मागच्या सीटवर बसावं लागत होतं.

नवा झाला की दुसऱ्या कोपऱ्यात लावा, तोही निघेल अशा फिल्मवर. जुना निम्मा राहू द्या. ती काच त्याची आहे.

प्रश्न : ‘गोदामात पडून राहिलेला, न वापरलेला, १९५०च्या दशकातला’ म्हणून एक स्टिकर घेतला. खरा आहे का, हे घरी कसं तपासू?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सपाट रंगाच्या जागी निळे-गुलाबी-पिवळे बारीक ठिपके दिसले तर संशय घ्या. त्या काळातले स्टिकर बहुतेक वेळा एकेक रंग सलग दाबून छापत. त्यात शाईला जाडी असते, तिरप्या उजेडात कड जाणवते. मग अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात कागद उजळवणारं रसायन आहे. त्याचा वापर साधारण १९५० नंतर पसरला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा म्हणून विकलेला कागद झगमगला तर पैसे परत मागा. तुमच्या दशकाबाबत मात्र झगमग झाली म्हणून नकली ठरत नाही, आणि न झगमगणारा कागद आजही मिळतो.

मला सगळ्यात जास्त भरवसा पत्त्याचा. अमेरिकन डीलरच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिनकोड) असेल, तर स्टिकर १९६३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण ते कोड त्या साली आले. जर्मन पत्त्यात पाच आकडी कोड दिसला तर १९९३ किंवा नंतरचा. उलटं मात्र धरू नका. कोड आल्यावरही जुने गठ्ठे संपेपर्यंत वापरणारे डीलर असणारच. छापून झालेला माल कोण फेकतो?

धातूचा बिल्ला असेल तर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावा. मूळ बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, किंचित लहान भरते.

प्रश्न : शोरूममध्ये काचेला लावलेला किमतीचा मोठा कागद आणि डीलरचा स्टिकर एकच का?

नाही. तो कागद अमेरिकेतल्या १९५८ च्या कायद्याने आला. सिनेटर मन्रोनी यांनी तो कायदा पुढे नेला, म्हणून कागदालाही त्यांचंच नाव पडलं. गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईपर्यंत तो काढायचा नाही, असा नियम. गिऱ्हाईक घरी नेऊन फाडून टाकायचं, म्हणून जुना धड मिळाला तर जपा.

प्रश्न : स्टिकर अल्बममध्ये ठेवले होते, ते प्लॅस्टिकला चिकटले.

अल्बम पीव्हीसीचा असणार. ते प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य कालांतराने सुटतं आणि शाईला धरतं. ओढू नका, कप्पा भोवतीने कापून तसाच बाजूला ठेवा. पुढचे पॉलिस्टरच्या कप्प्यात, आम्लविरहित कागदावर, अंधारात.

प्रश्न : डीलर कधीच बंद पडलाय. त्याच्या स्टिकरच्या नकला काढून विकल्या तर काय हरकत?

दुकान बंद पडलं म्हणून नाव बेवारस होत नाही. ते कुणी विकत घेतलेलं असू शकतं. शिवाय स्टिकरवर कंपनीचं चिन्ह असेल तर ती कंपनी बहुधा अजून जागी आहे. स्वतःच्या गाडीपुरता एक काढणं वेगळं आणि शंभर काढून विकणं वेगळं. विकायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या आणि तुमच्या देशातला नियम वकिलाला विचारा.

मी परवानगी घेऊनच एक स्टिकर छापला होता, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांसाठी. सात-आठ वर्षांनी एका संग्राहकाने मोठ्या कौतुकाने मला एक ‘मूळ’ स्टिकर दाखवला. शेवटच्या अक्षराच्या पायात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. माझ्या छपाईच्या जाळीवर धुळीचा कण बसला होता, त्याचा. मी त्यांना तिथेच सांगितलं. चहा न घेता निघालो.

मी त्या स्टिकरच्या खालच्या समासात ‘नक्कल’ आणि साल छापलं होतं. कुणीतरी कात्रीने तेवढीच पट्टी कापली होती. आता मी ते रंगाच्या आत, अक्षरांच्या मध्ये छापतो.